‘हार्ट फेल’ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

(जन्म-मृत्यू नोंदणीचे काम पाहणारे कर्मचारी, शिक्षक व परिसरातील ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर नवी मुंबई येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



माणूस गेल्याची वार्ता कानी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो, ‘कशाने गेले?’ पुष्कळदा त्याचे उत्तर दोन शब्दांत मिळते : ‘हार्ट फेल.’ वृत्तपत्रातील निधनवार्तेत हेच उत्तर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असा भारदस्त वेश धारण करते. उत्तर देणाऱ्याचे समाधान होते, ऐकणाराही मान हलवितो आणि चौकशी तेथेच संपते.

वस्तुतः या उत्तराने काहीच सांगितलेले नसते. हृदय थांबल्यावाचून कोणाचेही मरण होत नाही. क्षयाने झिजलेला माणूस असो, सर्पदंशाने गेलेला शेतकरी असो, उन्हाच्या तडाख्याने कोसळलेला मजूर असो की प्रसूतीत रक्तस्राव होऊन दगावलेली माता असो, या सर्वांचे हृदय अखेरीस बंदच पडते. दिवा का विझला, या प्रश्नाला ‘उजेड गेला म्हणून’ असे उत्तर द्यावे, तसाच हा प्रकार आहे. तेल संपले, वात जळली, की वाऱ्याचा झोत आला, हे त्यातून कळत नाही आणि पुढचा दिवा सांभाळण्याची युक्तीही सापडत नाही.

याच शब्दाची दुसरी बाजू रुग्णालयात दिसते. वाशी, नेरूळ, बेलापूर किंवा कामोठे येथील एखाद्या रुग्णालयात डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, ‘पेशंटला हार्ट फेल्युअर आहे.’ ऐकणाऱ्याच्या मनात ‘हार्ट फेल’ म्हणजे मरण, हे समीकरण पक्के असते. लगेच साताऱ्याला, जुन्नरला, अलिबागला निरोप जातात, ‘असाल तसे निघा.’ घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले सगेसोयरे रातोरात गोळा होतात. आठ दिवसांनी तोच रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत घरी येतो. मग घरच्यांना वाटते, डॉक्टरांनी उगाच घाबरविले. एवढे काही नव्हतेच. दोन महिन्यांत गोळ्या बंद होतात आणि पुढच्या खेपेला रुग्ण खरोखरच वाचत नाही. आधी वाजवीपेक्षा जास्त भय आणि मागाहून वाजवीपेक्षा जास्त निर्धास्तपणा, या दोन्ही चुकांचे मूळ एका शब्दाच्या चुकीच्या अर्थात आहे. म्हणून या शब्दाचा विचार केवळ भाषेचा नाही. तो जीविताचा आहे.

एक शब्द, तीन अर्थ

बोलीत ‘हार्ट फेल’ या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदतात. पाणीपुरवठ्याच्या योजनेचे उदाहरण घेतल्यास त्यांतील भेद सहज ध्यानात येईल. पंप, वाहिनी आणि टाकी यांची दुखणी पंचायतीच्या सदस्यांना निराळी समजावून सांगावी लागत नाहीत.

पंपाच्या इंजिनाला वंगण पोहोचविणारी नळी तुंबली, तर इंजिनाचा तेवढा भाग जळतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद होते, तेव्हा त्या स्नायूचा काही भाग मरू लागतो. यास हृदयविकाराचा झटका किंवा हार्ट अटॅक म्हणतात. रुग्ण शुद्धीवर असू शकतो, बोलू शकतो. छातीत दाटते, घाम सुटतो. नळी लवकर मोकळी केली तर स्नायू वाचतो.

वीज एकाएकी गेली तर धडधाकट पंपही जागच्या जागी थांबतो. हृदयाच्या ठोक्यांचे विद्युत्-नियमन अचानक बिघडून रक्ताभिसरण थांबते, तेव्हा माणूस क्षणार्धात कोसळतो आणि त्याचा नेहमीचा श्वास थांबतो. यास हृदयक्रिया बंद पडणे, म्हणजेच कार्डियाक अरेस्ट म्हणतात. येथे हिशेब मिनिटांचा असतो. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस कळवावे आणि ती येईपर्यंत जवळच्या माणसाने छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे शिकण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही.

तिसरा प्रकार निराळा. पंप चालू आहे, परंतु त्याचा जोर ओसरला आहे. मोरबे धरणाचे पाणी शहरात येते, पण दाब कमी झाला की वरच्या मजल्यावरचा नळ कोरडा राहतो. हृदयाचा जोर कमी झाला की मूत्रपिंडे, हातापायांचे स्नायू व मेंदू यांना पुरेसे रक्त मिळत नाही आणि मागे फुप्फुसांत, पोटात व पायांत पाणी साठू लागते. वैद्यकशास्त्र ‘हार्ट फेल्युअर’ म्हणते ते या स्थितीला. हृदय थांबलेले नाही. ते शरीराच्या गरजेइतके काम करू शकत नाही, किंवा आतला दाब वाढवूनच कसेबसे ते काम उरकते.

हे तीन प्रकार एकमेकांपासून अगदी तुटलेले आहेत, असे मात्र नाही. झटक्याने हृदयक्रिया तत्काळ बंद पडू शकते. झटक्यातून वाचलेल्या माणसाचे हृदय पुढे काही वर्षांनी दुर्बळ होऊ शकते. तसेच दुर्बळ हृदय एखाद्या दिवशी एकाएकी थांबूही शकते. तरीही तिघांचे उपाय वेगळे, घाई वेगळी आणि भवितव्यही वेगळे. तीन रोगांना एकच नाव दिले की तिघांचीही हेळसांड होते.

गुणपत्रिका नव्हे

निरोगी हृदय साधारणपणे माणसाच्या मुठीएवढे असते. दिवसाकाठी त्याचे सुमारे एक लाख ठोके पडतात आणि विश्रांतीच्या वेळी ते दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. हृदयाच्या डाव्या कप्प्यात साठलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती भाग बाहेर जातो, हे सोनोग्राफीसारख्या तपासणीने मोजता येते. या तपासणीला इको म्हणतात आणि तो भाग टक्क्यांत सांगितला जातो.

या टक्केवारीने घरोघरी मोठा गोंधळ माजविला आहे. ‘हृदय पस्तीस टक्केच चालते’ असे कळले की ऐकणाऱ्यास वाटते, पासष्ट टक्के हृदय गेले. शिक्षकबंधूंना हा गैरसमज दूर करणे सर्वांत सोपे जावे. ही शंभर गुणांची परीक्षा नव्हे. निरोगी माणसाचे हृदयही एका ठोक्यात सुमारे ५० ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकते. शंभर टक्के कोणाचेच हृदय टाकीत नाही. चाळीस किंवा त्याहून कमी टक्केवारी हे हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याचे चिन्ह असते, हे खरे; पण औषधांनी ती वाढू शकते. शिवाय या रोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत टक्केवारी चांगलीच असते. त्यांच्या हृदयाचा स्नायू ताठर झालेला असतो. तो आकुंचन नीट पावतो, परंतु सैल होऊन रक्त सामावून घेऊ शकत नाही. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह व लठ्ठपणा यांच्याशी या प्रकाराचे नाते आहे. ‘टक्केवारी उत्तम आहे, मग दम का लागतो?’ या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

दुर्बळ हृदयाची लक्षणे रोजच्या जीवनातच दिसतात. पूर्वी एका दमात चढून जाणाऱ्याला रेल्वेच्या पुलावर मध्येच थांबावे लागते. बाजारात पोती वाहणाऱ्या गड्याला निम्म्या कामात धाप लागते. रात्री आडवे झाल्यावर घुसमट होते, म्हणून एकाच्या दोन आणि दोहोंच्या तीन उशा होतात. मध्यरात्री श्वास कोंडून जाग येते आणि खिडकीशी जाऊन बसावे लागते. सायंकाळी पावलांवर सूज दिसते. बोट दाबले की खळगा राहतो. घरची मंडळी याला ‘वय झाले’, ‘दमा असेल’ किंवा ‘हवा मानवत नाही’ असे म्हणून सोडून देतात. औषधाचा जेव्हा सर्वांत अधिक उपयोग व्हावयाचा, तो काळ असा निघून जातो.

शब्दाचा प्रवास

या विकाराला पूर्वी जगभर त्याच्या बाह्य लक्षणावरून नाव होते. आपल्याकडे ‘अंगावर पाणी चढले’ असे म्हणत. युरोपातही सुजेलाच रोग मानण्याची रीत होती. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा हृदय हा पंप आहे ही कल्पना स्थिरावू लागली. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांपासून सुजेवर गुण येतो, हे आपल्या ग्रंथात नोंदविले. ते औषध गावठी झाडपाल्यातून त्याच्या ध्यानात आले होते आणि त्याचा परिणाम हृदयाच्या गतीवर होतो, हेही त्याने हेरले होते. सुजेचे मूळ पायात नसून छातीत असू शकते, हे पुढे हळूहळू स्पष्ट होत गेले आणि रोगाचे नाव लक्षणावरून अवयवाकडे सरकले.

इंग्रजीतील ‘फेल्युअर’ या शब्दाचा वैद्यकातील अर्थ ‘अपुरे पडणे’ असा आहे. मराठीत मात्र ‘फेल’ हा शब्द शाळेच्या निकालातून आणि मोटारीच्या ब्रेकमधून आला. शाळेत फेल म्हणजे नापास आणि ब्रेक फेल म्हणजे दरीत. त्यामुळे ‘हार्ट फेल’ या शब्दाला आपल्या कानात अंतिम निकालाचा सूर लाभला. मूत्रपिंडाच्या बाबतीत आपण ‘किडनी फेल झाली, डायलिसिस चालू आहे’ असे सहज म्हणतो. तेथे फेल होऊनही माणूस जगतो, हे आपणास मान्य असते. हृदयाला तेवढी सवलत मिळत नाही.

मराठी पर्यायही निर्वेध नाहीत. ‘हृदय निकामी होणे’ हा प्रयोग वृत्तपत्रांतून रूढ आहे. पण निकामी वस्तू टाकून द्यावयाची असते आणि हे हृदय तर सांभाळावयाचे असते. ‘हृदयदौर्बल्य’ हा शब्द अर्थाने जवळचा वाटतो. परंतु जुन्या वाङ्मयात तो मनाच्या कचखाऊपणासाठी वापरला गेला आहे. लिहिताना ‘हृदयाची अकार्यक्षमता’ आणि बोलताना ‘हृदय अशक्त झाले आहे’ असे म्हटल्यास रुग्णाला खरी स्थिती कळते व त्याचा धीरही सुटत नाही.

शब्दाची ही अडचण एकट्या मराठीची नाही. अमेरिका, युरोप व जपान येथील हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन या विकाराची नवी व्याख्या ठरविली. केवळ धोका असलेली, हृदयात बदल झालेला पण लक्षणे नसलेली, प्रत्यक्ष लक्षणे असलेली आणि विकार विकोपाला गेलेली अशा चार पायऱ्या त्यांनी मांडल्या. सुधारलेल्या रुग्णास ‘पूर्ण बरा झाला’ असे न म्हणता ‘रोग माघारला आहे’ असे म्हणावे, ही त्यांची सूचना विशेष महत्त्वाची आहे. तिला आधारही आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, हृदयाचा स्नायू विकाराने पसरला होता पण उपचारांनी पूर्ववत झाला होता, अशा काही रुग्णांची औषधे देखरेखीखाली थांबविण्यात आली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांत विकार सहा महिन्यांच्या आत परतला. ‘आता बरे वाटते’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

बिरवाडीचा धडा

‘हृदय का अशक्त झाले?’ हा पुढचा प्रश्न विचारल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण नवी मुंबईपासून फार दूर नाही. पनवेल व उरण हे तालुके ज्या रायगड जिल्ह्यात मोडतात, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला महाड तालुक्यात बिरवाडी हे गाव आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते.

कोकणात लाल विंचवाचा दंश ही नित्याची गोष्ट. भाताचा पेंढा, कौले, लाकडांचा ढीग, दगडी बांध येथे हा विंचू दबा धरून असतो. दंश झाल्यावर मंत्र, झाडपाला असे उपाय चालत. दवाखान्यात आलेल्यांनाही त्या काळच्या प्रचलित औषधांनी विशेष गुण येत नसे. धट्टीकट्टी मुले व तरुण माणसे एका रात्रीत दगावत. ‘विष चढले’ किंवा ‘हृदय बंद पडले’, एवढ्यावर विषय मिटत असे.

डॉ. बावस्कर यांनी रुग्णांच्या लक्षणांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. आधी दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय. मग वाढलेला रक्तदाब. त्यानंतर धाप आणि अखेरीस तोंडाला फेस, असा क्रम त्यांना आढळला. दंशाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आखडतात, त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते व फुप्फुसांत पाणी भरते, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे मृत्यू हृदयाच्या दुर्बलतेने होत होता आणि त्या दुर्बलतेचे कारण विंचवाच्या विषात होते. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात मांडली. साखळी कळल्यावर ती कोठे तोडावयाची, हेही दिसले. उच्च रक्तदाबावर वापरले जाणारे, तोंडाने घ्यावयाचे प्राझोसिन हे औषध आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. त्याच्या वापराविषयीचा त्यांचा लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. गंभीर दंशाच्या रुग्णांत पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर मोजक्या टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देण्यात आली.

या कथेत प्रचंड यंत्रसामग्री नाही. ‘हृदय बंद पडले’ या उत्तरावर न थांबता ‘कशामुळे?’ असे विचारणारा एक मनुष्य आहे आणि त्याने ठेवलेल्या नोंदी आहेत. ग्रामीण आरोग्य केंद्रातील नोंदवहीने जगाच्या वैद्यकाला उत्तर दिले, ते या एका प्रश्नाच्या बळावर.

नोंदवहीतील रकाना

आता नोंदणीच्या कामाकडे वळू. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून अंमलात आला. नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची स्थापना झाली ती त्याआधी दोन आठवडे, १७ मार्च १९७० रोजी. नवे शहर आणि नवी नोंदवही बरोबरीने वाढली, असे म्हणता येईल. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मृत्यूच्या कारणाचा रकाना मात्र दुर्लक्षित राहतो.

रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टरांनी नमुना क्रमांक ४ व रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी ४-अ भरावयाचा असतो. मृत्यूस कारण झालेला रोग, इजा किंवा गुंतागुंत लिहावी. हृदय बंद पडणे, अशक्तपणा यांसारखी केवळ मरणाची रीत लिहू नये, अशी स्पष्ट सूचना त्या नमुन्यावरच छापलेली आहे. म्हणजे ज्या शब्दाची येथे चर्चा चालली आहे, त्याच शब्दाविषयी शासकीय कागदाने पूर्वीच इशारा देऊन ठेवला आहे. तरीही तो शब्द एकटाच लिहिला जातो, कारण तो सोयीचा आहे आणि कधी चुकत नाही.

कारणांची नोंद जिन्याप्रमाणे करावयाची असते. वरच्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण. समजा, एखादी तरुण स्त्री दगावली. केवळ ‘हृदय अकार्यक्षम’ असे लिहिल्यास नोंद आंधळी राहते. त्याखाली ‘हृदयाची झडप आकसणे’ आणि त्याखाली ‘लहानपणीचा सांधेज्वर’ असे लिहिले, म्हणजे कळते की या मृत्यूचा आरंभ वीस वर्षांपूर्वी शाळेतील घसादुखीत झाला होता. पहिल्या नोंदीतून शोक व्यक्त होतो. दुसरीतून आरोग्य खात्याला शाळेपर्यंत जाण्याची वाट मिळते. हृदयाची अकार्यक्षमता हा शब्द साखळीतील दुवा म्हणून येऊ शकतो. तो एकटा येऊ नये, एवढाच आग्रह आहे.

देशात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के मृत्यू रक्ताभिसरण संस्थेच्या विकारांच्या सदरात मोडतात. शंभर मृत्यूंतील सत्त्याहत्तरांचे कारण वैद्यकीय प्रमाणपत्राविना राहते आणि उरलेल्यांतही काहींच्या रकान्यात असा निरर्थक शब्द असतो. मग कोणत्या तालुक्यात रक्तदाबाची औषधे अधिक पाठवावीत, कोठे सर्पदंशाची लस कमी पडते, कोठे उष्माघात होतो, हे ठरवावे कसे?

अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तीनुसार सर्व वैद्यकीय संस्थांनी, त्या शासकीय असोत वा खाजगी, मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे द्यावयाचे असून त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकास द्यावयाची आहे. खरे कारण लिहिल्यास चारचौघांत बोभाटा होईल, ही भीती निराधार आहे. निबंधकाने द्यावयाच्या मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करू नये, असे कायद्यानेच सांगितले आहे.

घरी झालेल्या मृत्यूची खबर नातेवाईक देतात. ते ‘हार्ट फेल’ म्हणाले की लेखणी टेकवून मोकळे होण्याचा मोह आवरावा. किती दिवस आजारी होते, कोणते औषध चालू होते, पायांवर सूज होती काय, छातीत दुखले काय, आदल्या दिवशी उन्हात काम केले होते काय, रात्री काही चावले होते काय, असे चार प्रश्न हळुवारपणे विचारावेत. मृत्यूच्या खबरीच्या नमुन्यात धूम्रपान, तंबाखू, सुपारी व मद्य यांच्या सवयीचे आणि मृत्यूपूर्वी मिळालेल्या वैद्यकीय मदतीचे रकाने आहेत. ते रिकामे सोडू नयेत. दुःखाच्या घरात प्रश्न विचारणे जड जाते, हे खरे. परंतु त्या घरातील पुढच्या माणसाला जपण्याचा मार्ग या उत्तरांतून जातो.

आपापले काम

हृदय अशक्त होण्याची कारणे पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी आहेत. तिरुवनंतपुरम येथे २०१३ मध्ये रुग्णालयांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांच्या नोंदींत सुमारे ७२ टक्के रुग्णांचे मूळ कारण हृदयाच्या रोहिण्यांचा विकार हे होते आणि रुग्णांचे सरासरी वय अवघे ६१ वर्षे होते. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू व मद्य ही या वाटेवरची ठाणी आहेत. कुटुंबाचा आधार असलेली माणसे या रोगाला बळी पडतात, हे विसरून चालणार नाही.

शिक्षकांनी पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांकडे लक्ष द्यावे. तापासह घसा दुखून पुढे सांधे सुजले, तर ते मूल डॉक्टरांकडे पोहोचलेच पाहिजे. सांधेज्वराचे निदान झालेल्या मुलास पेनिसिलीनची इंजेक्शने ठराविक अंतराने वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. शाळेने त्या दिवसाची आठवण ठेवली तर एक हृदय वाचते. खेळताना ओठ निळे पडणाऱ्या किंवा लवकर धाप लागणाऱ्या मुलाच्या जन्मजात दोषावर शस्त्रक्रिया होऊ शकते. नवी मुंबईत खारघर येथे श्री सत्यसाई संजीवनी केंद्रात ती विनामूल्य केली जाते.

पंचायत सदस्यांनी आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब मोजण्याची सोय नियमित चालते की नाही, हे पाहावे. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा त्यानंतर धाप लागणाऱ्या स्त्रीला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरी बसवू नये; तिच्या हृदयाची तपासणी व्हावी.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एक साधा वजनकाटा घ्यावा. रोज सकाळी एकाच वेळी वजन नोंदवावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, तर ते मांस नव्हे, पाणी होय. डॉक्टरांना त्वरित दाखवावे. मिठाला आळा घालावा. खारवलेली मासळी, लोणचे, पापड ही कोकणच्या ताटातली आवडीची मंडळी. त्यांची भेट विरळ करावी. औषधांची फळी आज पूर्वीपेक्षा फार बळकट आहे. मुळात मधुमेहासाठी निघालेल्या एका औषधवर्गाने या विकारातही आयुष्य वाढते, हे २०१९ पासूनच्या अभ्यासांत दिसून आले आहे. अगदी विकोपाच्या रुग्णांसाठी हृदयरोपणाचा मार्गही आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये तो प्रयत्न केला, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. १९९४ मध्ये दिल्लीत डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या हातून देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण झाले. जे हृदय ‘फेल’ म्हणून गणले गेले, त्याच्यासाठी माणसांनी किती वाट चालली, याची ही साक्ष आहे.

श्रोतेहो, शब्द लोकांच्या ओठांवरून हुकुमाने पुसता येत नाही. ‘हार्ट फेल’ हा शब्दही उद्या जाणार नाही. परंतु तो ऐकणाऱ्याने त्यापुढे एक प्रश्न जोडावा, एवढे आपल्या हाती आहे. रुग्ण जिवंत असेल तर विचारावे, ‘हृदय किती अशक्त आहे आणि त्याला सांभाळावयाचे कसे?’ माणूस गेला असेल तर विचारावे, ‘हृदय थांबले, पण कशामुळे?’ पहिल्या प्रश्नाने रुग्णाची गोळी चालू राहील. दुसऱ्याने नोंदवहीतील ओळ बोलकी होईल. उद्या कोणी निबंधकाच्या मेजासमोर उभा राहून ते दोन शब्द उच्चारील, तेव्हा लेखणी क्षणभर थांबावी आणि त्या माणसाला बसावयास सांगून विचारावे, ‘आधी काय होत होते त्यांना?’